सिस्टरच्या मिशावाल्या आया

सिस्टरच्या घरी पाहुण्याला पाण्याआधी साबण मिळायचा. माणूस कितीही मोठा असो, कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय त्याला बैठकीत बसता येत नसे. बैठकीत साडेचार फुटांची माशांची टाकी होती आणि आलेला प्रत्येक जण काचेला बोट लावतोच, असा त्यांचा अनुभव होता. माझे सासरे एकदा तिवशाहून आले, तर त्यांनाही थेट मोरीत पाठवलं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "जवाईबापू, हे घर आहे का दवाखाना?" आता काय सांगणार! दोन्ही होतं.

सिस्टर म्हणजे माझ्या अकोल्याच्या घरमालकीण. नर्सची सरकारी नोकरी करून निवृत्त झालेल्या. मी कॉलेजच्या वाचनालयात कामाला. बायको-मुलं तिवशाला, म्हणून मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. सिस्टरचा नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन अमरावतीला. उरले मासे. त्यांना त्या मासे म्हणत नसत, पेशंटही म्हणत नसत. टाकीत सहा डिस्कस होते, ताटलीसारखे गोल आणि चपटे, रंगानं देखणे आणि खाण्याच्या बाबतीत महा नखरेल. ते 'डॉक्टर लोक'. त्यांतला निळ्या रेघांचा थोरला म्हणजे 'मोठे डॉक्टर'. आणि तळाशी वाळूत तोंड खुपसून दिवसभर फिरणारे बोटाएवढे आठ मिशावाले 'कोरी' जातीचे मासे, त्या 'आया'.

"डॉक्टर वरतून राउंड मारून जाते, भाऊ," त्या मला सांगायच्या, "वार्ड चालवते त्या आया."

दुकानदार सगळ्यांना सांगतो तसं त्यांनाही त्यानं सांगितलं होतं, की तळाच्या माशांना वेगळं काही घालू नका, वरून पडलेलं उरलंसुरलं खातात आणि टाकी साफ ठेवतात. सिस्टर त्याच्यावर अशा उखडल्या की तो पुढे त्यांना पाहिलं की गोडाऊनमध्ये जायचा. "उरलंसुरलं खाऊन कोणी ड्यूटी करत नसते. त्यायचं ताट वेगळं." आणि खरोखरच वेगळं असायचं. डॉक्टरांचं जेवण झालं की आयांसाठी तळाला बसणाऱ्या गोळ्या पडायच्या, मोजून. खडीनं मिशा झिजतात म्हणून टाकीत बारीक वाळू, तीही त्यांनी स्वतः पीठचाळणीनं चाळून, सात पाण्यांत धुऊन घेतलेली. नवीन आणलेल्या आयांना महिनाभर वेगळ्या टबात ठेवायचं, रोगबिग असेल तर कळावा म्हणून. तो टब मोरीत. त्या महिन्यात सिस्टर एका कोपऱ्यात अंग चोरून आंघोळ करायच्या, पण टब हलायचा नाही.

त्याच दुकानदाराच्या नादानं एकदा काच चाटणारा सकर मासा आणला होता. त्यानं काच सोडली आणि एका डिस्कसच्या अंगाला चिकटून त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाटायला लागला. सिस्टरनी त्याला त्याच दिवशी परत पाठवलं. "डॉक्टरच्या अंगावर चढणारा स्टाफ मले नाही चालत."

मला मात्र त्यांनी शिकवलं ते खाली पाहायला. "वर पाहाले सगळेच येते. तुमी खाली पाहा. आया बऱ्या असल्या का समजा वार्ड बरा आहे." मी पुस्तकांत रमणारा माणूस, मला कशाला हा उद्योग? पण संध्याकाळी कामावरून आलो की आधी टाकीपुढे उकिडवा बसायचो. चक्क सवयच लागली.

सिस्टरचे गुडघे गेले होते. मुलीनं अमरावतीत डॉक्टर ठरवला, दोनदा तारीख घेतली, दोनदा सिस्टरनी मोडली. "मी गेली तर यायच्याकडे पाहीन कोण?" शेवटी डॉक्टरनं सांगितलं, आता टाळलंत तर चालणं विसरा. मग मीच पुढे झालो. पंधरा दिवस माझी परीक्षा घेऊन, थर्मामीटर कसा वाचायचा ते तीन-तीनदा विचारून, मे महिन्यात त्या गेल्या. रोज फोन. ऑपरेशन गुरुवारी होतं.

त्याआधीच्या रविवारी अकोला उन्हानं नुसतं पेटलं होतं. टाकीचं पाणी एकतीसवर. पाहतो तो आया एकामागून एक वर येऊन तोंडानं हवा घेऊन राहिल्या. माझा जीव कळवळला. आपल्याकडे मे महिन्यात कोणी कासावीस झालं की माणूस काय करतो? कूलर त्याच्याकडे फिरवतो. मी तेच केलं. वाळ्याच्या टट्ट्यांवर बादलीभर पाणी मारून कूलर टाकीकडे वळवला, आणि तेवढ्यानं समाधान होईना म्हणून बर्फ झालेल्या चार बाटल्याही पाण्यात सोडल्या. आया खाली जाऊन शांत चरायला लागल्या. मी खूश. संध्याकाळी पाणी चोवीसवर आलं होतं, आणि वरचे सहाच्या सहा डिस्कस काळे पडून एका कोपऱ्यात गोळा झाले होते. त्यांना गरम पाणीच लागतं, हे मला पाठ होतं. पाठ असून काय उपयोग? उन्हाळा म्हणून काढून ठेवलेला हीटर शोधला, लावला. पाच सावरले. मोठे डॉक्टर मंगळवारी सकाळी गेले.

संध्याकाळी फोन आला. "मोठे डॉक्टर जेवले का?"

"जेवले. सगळं बरं आहे, सिस्टर."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दीड महिन्यानं त्या वॉकर घेऊन परत आल्या. मी टाकीपुढे खुर्ची ठेवली आणि त्या बसायच्या आत सगळं सांगून टाकलं. त्या पाण्याकडेच पाहत होत्या.

"मले मंगळवारीच समजलं होतं. नातेवाइकायले आमी बी असंच सांगायचो, सगळं बरं आहे. सगळं कधी बरं असते का, भाऊ?"

"मग विचारलं काहून नाही?"

"विचारलं असतं तर तुमी सांगतलं असतं. मी खाटेवरून उठून आली असती." मग म्हणाल्या, "तुमी खाली पाहून राहिले होते. ते मीच शिकवलं. वरचं शिकवाचं राहून गेलं."

मला रडू आलं. त्यांनी येऊ दिलं.

दुसऱ्या गुडघ्याच्या वेळी मात्र मुलीनं त्यांना कायमचंच अमरावतीला नेलं. तिथेच त्या गेल्या वर्षी गेल्या. त्या अकोल्याहून निघाल्या तेव्हा टाकीचा प्रश्न आला होता. अकोटचा एक शौकीन माणूस न्यायला तयार होता. घरी दहा टाक्या, आणि आपल्या हातून आजवर एकही डिस्कस मेला नाही, असं तो दोनदा सांगून गेला. सिस्टरनी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि मुलीला म्हणाल्या, "टाकी भाऊकडे जाईन."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "आई, पण यांच्याच हातून तर..."

"म्हणूनच तं देऊन राहिली. त्या अकोटवाल्याच्या हातून पहिला जायचा आहे अजून. भाऊच्या हातून जाऊन चुकला."