दर दोन तासांनी

"येतेच," असा ग्रुपवर निरोप आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. चार वाजता पुन्हा आला, "येतेच." नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयात बसलेल्या मावशीने फोन पालथा घातला. दोन महिन्यांत ही मुलगी प्रोजेक्टच्या टेबलापाशी तीनदा उगवली होती, आणि त्यातही एकदा विसरलेला चार्जर न्यायला. मावशीने तिचं नावच 'येतेच' ठेवलं होतं, अर्थात मनातल्या मनात.

मावशी तशी या वर्गात कुणाचीच मावशी लागत नव्हती. वय अडतीस, घरी बस चालवणारा नवरा आणि दहावीतली मुलगी. कॉलेजात येण्याआधी बारा वर्षं तिने एका हॉस्पिटलच्या पुरुष वॉर्डात चादरी बदलल्या, पेशंटना लघवी-संडासची भांडी दिली, त्यांची अंगं पुसली. अशी कामं करणाऱ्या बाईला वॉर्डात सगळे मावशीच म्हणतात. पस्तिसाव्या वर्षी तिने हट्टाने नर्सिंगला प्रवेश घेतला, आणि पहिल्याच दिवशी एका पोरीने विचारलं, "मावशी, इथे कोणी बसलंय का?" झालं! तेव्हापासून वॉर्डातही मावशी आणि वर्गातही मावशी.

हॉस्पिटलने तिला तीन वर्षांची रजा दिली होती, ती एका अटीवर. यंदा पास झाली तर सिस्टर म्हणून हजर व्हायचं, नाही तर परत भांडी द्यायला. आणि हा चौघींचा प्रोजेक्ट पास झाल्याशिवाय परीक्षेलाच बसू देत नाहीत. आयुष्य असं बाकीच्या तिघींच्या गळ्यात बांधलेलं, आणि त्यातली एक कायम 'येतेच'.

दुसरी होती टॉपर. तिला सगळं येत होतं, फक्त ऐकून घेता येत नव्हतं. तिसरीचा सगळा जीव रंगांत. स्लाइडची निळी छटा तिने पाच वेळा बदलली, मजकूर मात्र एकदाही वाचला नाही. विषय मावशीनेच सुचवला होता. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलली तर पाठीवरच्या जखमा कमी होतात का? चालू पेशंटचे कागद द्यायला हॉस्पिटल तयार होईना, म्हणून मावशीने आपल्या ओळखीवर जुन्या वॉर्डातले चार वर्षांपूर्वीचे तक्ते मिळवले. रेकॉर्ड रूमच्या पायऱ्या तिने चौदा वेळा चढल्या. बाकीच्या तिघींनी एकदाही नाही.

त्या दिवशी टॉपरने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "बघा मावशी. तीस पेशंट. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा कूस बदललीय. तरी अकरा जणांना जखमा! म्हणजे कूस बदलून काही फायदा होत नाही."

"असं कसं होईल गं? मी बारा वर्षं बघितलंय."

"तुमचं बघणं म्हणजे पुरावा नाही ना. कागदावर काय आहे ते बोलायचं."

"कागदावर काय, कोणीही काहीही लिहितं."

"असं म्हणून चालत नाही, मावशी. सिद्ध करा."

रंगवाली म्हणाली, "आलेख लाल करू का? उठून दिसेल."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सिद्ध करतेच, म्हणून तिने तक्त्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि एकेक पान उलटायला लागली. नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचं पान आलं आणि ती थांबली. त्या दिवशी सकाळी दहाला आजोबांना तपासणीसाठी दुसऱ्या इमारतीत नेलं होतं, ते संध्याकाळी परत आले. बाजूच्या कागदावर तशी नोंद होती. आणि तक्त्यावर बारा वाजता डावी कूस, दोनला उजवी, चारला पाठ. तिन्ही घरांत बरोबरची खूण. एकाच पेनाची, शेपूट लांब ओढलेली.

लांब शेपटाची ती खूण तिची स्वतःची होती.

सगळं आठवलं. अठ्ठावीस खाटा, दोन सिस्टर, एक मावशी. सकाळी ड्यूटीवर आलं की सिस्टर म्हणायच्या, "तुम्हाला लिहितावाचता येतं ना, तेवढा तक्ता भरून टाका." त्या वॉर्डात लिहिता येणारी मावशी ती एकटीच, आणि तिला त्याचा केवढा अभिमान! दुपारी वेळ मिळणार नाही म्हणून ती दिवसभराच्या खुणा सकाळीच करून ठेवायची. जमेल तशी वळवायचीही पेशंटना. ज्या दिवशी जमायचं नाही त्या दिवशी खुणा मात्र असायच्या.

तिने गठ्ठा बंद केला आणि टॉपरला काहीच सांगितलं नाही.

घरी भाजी चिरताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सादरीकरण आठ दिवसांवर आलंय. पास हो आणि मोकळी हो. चार वर्षांपूर्वीच्या खुणा कोण बघतंय?"

"मी बघितल्या ना."

"मग विसर."

आठ दिवस ती सगळ्यांवर खेकसली. मुलीवर, कुकरवर, 'येतेच'वर तर सगळ्यात जास्त. सादरीकरणाच्या सकाळी 'येतेच' चक्क वेळेवर आली, इस्त्रीचा गणवेश घालून, तर मावशीला त्याचाही राग आला.

टॉपर छान बोलली. लाल आलेख उठून दिसला. मार्गदर्शक मॅडम एवढ्या खूश झाल्या की उभ्याच राहिल्या. "वेगळा निष्कर्ष आहे. हा मी हॉस्पिटलच्या मेट्रनना दाखवते. तशीही माणसं कमी आहेत. कूस बदलण्याची सक्ती दोन तासांऐवजी सहा तासांवर नेता येईल."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मावशीच्या डोळ्यांसमोर अठ्ठावीस खाटा आल्या, आणि सहा सहा तास एकाच कुशीवर पडलेली माणसं.

"मॅडम, तक्ते खोटे आहेत," ती म्हणाली.

टॉपर कुजबुजली, "मावशी, बसा!"

"तुम्हाला कसं माहीत?" मॅडमनी विचारलं.

"त्या वॉर्डात होते मी. खुणा मी केल्यात. सकाळीच, पुढच्या सगळ्या. पेशंट खाटेवर नसतानाच्यासुद्धा आहेत. हे नऊ नंबरचं पान बघा."

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. मॅडम खुर्चीत बसल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग म्हणाल्या, की असा प्रोजेक्ट पास करता येत नाही. चौघींनी वॉर्डात स्वतः उभं राहून नव्याने नोंदी घ्यायच्या. म्हणजे यंदाची परीक्षा गेली. रंगवालीला रडू फुटलं.

"आठ दिवसांपूर्वी का नाही सांगितलंत?" टॉपर ओरडली. "आमचं वर्ष गेलं तुमच्यामुळे!"

खरंच होतं ते. दोन महिने या तिघींच्या नावाने बोटं मोडली, आणि प्रोजेक्ट बुडवला तो तिनेच, चार वर्षं आधी. आता सिस्टरची जागा गेली, उद्यापासून कोणत्या तोंडाने त्या वॉर्डात भांडी द्यायला जायचं हे तिला कळेना.

मॅडम तक्त्याचं पान बघत होत्या. "या नऊ नंबरच्या पेशंटचं काय झालं?"

"पाठीची जखम हाडापर्यंत गेली, मॅडम. मग मुलगी घरी घेऊन गेली त्यांना."

"तिने तक्रार नाही केली?"

"नाही," मावशी म्हणाली. "जाताना तिने माझा हात हातात घेतला. म्हणाली, मावशी, तुम्ही होतात म्हणून बाबांकडे कोणीतरी बघितलं."