फटफटीचं हँडल कोणी केलं

नगरमधल्या जुन्या मिस्त्री मंडळींपैकी कोणी म्हातारा रस्त्यात भेटला, की मला बघून दोन्ही हात पोटासमोर उचलतो, मुठी किंचित आत वळवतो आणि हसतो. म्हणजे, 'ते हँडल करणारे तुम्हीच ना?' मीही इतकी वर्षं हसून मान हलवत आलो. ते हँडल माझं नव्हे. पाइप मी वाकवला, एवढं खरं. पण तो कुठं वाकवायचा, किती आणि कशासाठी, हे सांगितलं माझ्या थोरल्या भावानं. तो गावातला सुतार होता. फटफटीवर तो जन्मात एकदाच बसला, आणि तेव्हाही ती बंद होती.

आमचं गाव नगरहून जामखेडच्या वाटेवर. वडील लवकर गेले, तेव्हापासून गावाचे नांगर, गाड्या, दारं-चौकटी सगळं दादाच बघायचा. मी त्याच्या हाताखाली. ओंडका फाडायचा तर मोठ्या करवतीच्या एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला मी. पण माझा जीव लाकडात नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत नगरच्या छावणीतल्या लष्करी गाड्या आमच्या वाटेनं जायच्या. लांबून आवाज आला, की मी करवत तशीच अर्धी अडकवून रस्त्याकडे पळायचो. दादा ओंडक्याशी एकटाच उभा. शेवटी तोच म्हणाला, "जा बाबा नगरला. एक साल दिलं तुला, पाडवा ते पाडवा. सालात मिस्त्री झालास तर ऱ्हा तिथंच. न्हाई झालास तर गुमान करवतीला हात लावायचा. मी एकला किती वढू?"

वहिनी चुलीपासून ओरडली, "आन् तवर दुसऱ्या टोकाला कोन हुबं ऱ्हानार? मी?"

"ऱ्हाशील की सालभर," दादा म्हणाला.

मी नगरला एका दुकानात लागलो. दुकान तसं सायकलींचं, पण लढाई संपल्यावर लष्कराच्या फटफट्या लिलावात निघाल्या आणि त्यांचीही कामं येऊ लागली. मालकाला सगळे उस्ताद म्हणत. हाताखालच्या माणसाला तिथं चहा मिळायचा तो डब्याच्या झाकणात. मिस्त्री झाला की त्याला पान्ह्यांचा स्वतःचा डबा आणि चहाला कपबशी. माझं सगळं लक्ष त्या कपबशीकडे. उस्ताद मात्र मी कानस हातात घेतली की म्हणायचे, "अरे सुतार, लोखंड आहे ते! रंधा नको मारू."

साल संपायला दीड-दोन महिने राहिले असताना गुरांचे डॉक्टर दुकानात आले. सरकारी नोकरी, गावोगाव फिरती. आधी घोड्यावरून हिंडायचे, आता लिलावात एक फटफटी घेतली होती. गाडी चांगली दणकट होती, पण तिचं हँडल उंच गोऱ्या शिपायाच्या मापाचं, आडवं सपाट आणि पार पुढे. डॉक्टर ठेंगणे, त्यात पोट. टाकीवर पालथं पडल्याशिवाय त्यांच्या मुठी हँडलला पोचत नसत. गाडीवरून उतरले तरी बराच वेळ वाकलेलेच राहत. एका गावात पाटलांना वाटलं, साहेब नमस्कार करतायत. मग पाटीलही वाकले. दोघं समोरासमोर वाकलेले आणि मध्ये आजारी बैल उभा, असा प्रसंग स्वतः डॉक्टरांनीच हसत सांगितला. मग हसू आवरून म्हणाले, "पाठीचा पार भुगा झालाय. हँडलचं काही करता येत असेल तर करा, नाहीतर हे धूड विकतो आणि परत घोडं घेतो."

मी पुढे होऊन म्हणालो, "मी करतो."

उस्तादांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "कर. जमलं तर पाडव्याला डबा तुझा. नाही जमलं तर..." पुढचं बोलण्याऐवजी त्यांनी हवेत करवत ओढून दाखवली. दादाचा करार मीच फुशारकीनं सगळ्यांना सांगून ठेवला होता.

पहिलं हँडल मी लष्करी खाटेच्या पाइपाचं केलं. पाइपात वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, भट्टीत लाल करायचा आणि मग वाकवायचा, म्हणजे तो चेपत नाही. तेवढं मला येत होतं. हँडल चांगलं वीतभर उंच केलं. डॉक्टर ताठ बसले, खूश झाले आणि भुईकोट किल्ल्याकडे निघाले. पण हँडल उंच झालं आणि अॅक्सिलरेटरची तार होती तेवढीच राहिली. सरळ रस्त्यावर काही कळलं नाही. किल्ल्याच्या वळणावर हँडल फिरताच तार आपोआप ओढली गेली, आणि गाडी बोंबलत सुटली ती थेट परटाच्या वाळत घातलेल्या कपड्यांत. डॉक्टर परत आले तेव्हा मानेभोवती कुणाचं तरी धोतर होतं. "गाडी पळते छान," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या खेपेला तार लांब घातली आणि पाइप मागे वळवला. तो इतका मागे आला, की वळताना मूठ डॉक्टरांच्या पोटात घुसायची. उजवीकडे वळायचं तर ते श्वास आत घ्यायचे आणि वळून झालं की सोडायचे. उस्ताद म्हणाले, "आता हॉर्न नको. साहेबांचा श्वासच ऐकू येतो." दुकान हसलं, मीही हसलो. पण पाडवा पंधरा दिवसांवर होता.

त्याच आठवड्यात डॉक्टरांना आमच्याच गावी गुरांना बुळकांडी रोगाची लस टोचायला जायचं होतं. रस्त्यावर हँडल कसं चालतं ते बघायला मला त्यांनी मागच्या कॅरिअरवर घेतलं. गावात पोचलो. डॉक्टर फटफटी आमच्या दारात लावून चावडीपुढच्या गुरांकडे गेले आणि मी आत आलो. अंगणात लिंबाखाली दुरुस्तीच्या नांगरांची रांग लागली होती, आणि मोठ्या करवतीच्या दुसऱ्या टोकाला पदर खोचून वहिनी उभी होती. मला बघून म्हणाली, "आले का भावजी? घ्या, धरा. माझं हात गेलं." मी हसण्यावारी नेलं. ती पाणी आणायला आत गेली.

दादानं डॉक्टरांना उतरताना पाहिलं होतं. "त्यो मानूस असा कुबड्यागत का चालतोय रं?"

मी सगळं सांगितलं. वीतभर उंची, मागचा वळसा, तार, परटाची धोतरं. दादा पोट धरून हसला. मग म्हणाला, "माप कशाचं घेतलंस?"

"गाडीचं."

"आन् मानसाचं?"

माणसाचं माप मी घेतलंच नव्हतं.

"लेका, नांगराचं रुमनं करताना आपला बा काय करायचा? कुनबी सोता आल्याबिगर रुमनं करायचाच न्हाई. खाली झालं तर मानसाची पाठ जाती, वर झालं तर खांदं जात्यात. दिसभर धरायचं असतं ते. मुठीला हात न्यायचा नसतो. हात जिथं पडतोय तिथं मूठ आनायची."

रुमणं म्हणजे नांगर धरायचा दांडा. लहानपणापासून मी ते बघत आलो होतो. हँडल म्हणजे रुमणंच, हे मला सुचलं नव्हतं.

"दादा, तूच माप घे," मी म्हणालो. "पण डॉक्टरांना कळू देऊ नको. लाकडाच्या सुतारानं सांगितलं म्हटल्यावर उस्ताद मला मिस्त्री करायचे नाहीत."

हे हँडल जमलं तर मी परत येणार नाही, हे दादालाही कळत होतं आणि मलाही. अंगणात नांगर पडलेले होते. तो म्हणाला, "बरं."

डॉक्टर काम उरकून हात धुवायला आमच्या अंगणात आले. दादानं करवत उचलली. "साहेब, वाईच मदत करता का? ह्यो ओंडका लई हालतोय. वर बसा, घोड्यावर बसल्यागत."

"घोड्यावरून फटफटीवर गेलो, आता ओंडक्यावर आणलंस का मला?" म्हणत डॉक्टर खरंच बसले.

दादानं दिखाव्याला दोनदा करवत ओढली. "डोळं मिटा, भुसा उडतोय. खांदं पाडा. असं न्हाई, दमून घरी गेल्यावर बसता तसं. आता पाठ न हालवता हात म्होरं करा. हां, ऱ्हाऊ द्या तिथंच." आणि डॉक्टरांच्या दोन्ही मुठींत त्यानं एकेक काठी अलगद सरकवली. मुठी जशा तिरक्या पडल्या, तशाच काठ्या. मग कोळशानं भराभर खुणा केल्या.

डॉक्टरांनी एक डोळा उघडला. "हे कसलं माप चाललंय?"

"रुमन्याचं."

"मी नांगर धरणार आहे?"

"काय सांगता येतंय साहेब? सरकारी नोकरी हाय."

डॉक्टर इतके हसले, की ओंडक्यावरून पडायचे राहिले.

ते पाटलांकडे जेवायला गेले, तेवढ्यात दादानं बाभळीचे दोन वाकडे फाटे निवडले, तासले, मधे खुंटी ठोकून जोडले. हँडलचा हुबेहूब लाकडी फर्मा. उंची माझ्या पहिल्या हँडलच्या निम्मीच होती, आणि मुठी मागे येऊन किंचित आत आणि खाली झुकलेल्या. मग तो बंद फटफटीवर बसला, हँडल दोन्हीकडे फिरवून पाहिलं आणि तारेवर बोट ठेवलं. "हिला कासऱ्यागत ढील ठेव. वळताना ताण आला न्हाई पायजे." फर्मा पोत्यात गुंडाळून त्यानं माझ्या हातात दिला. वहिनीनं बाहेर येऊन विचारलं, "काय दिलंत?"

"गूळ," दादा म्हणाला.

नगरला येऊन मी दुकानात कोणी नसताना लाल पाइप त्या फर्म्यावर बेतला. पहिल्या खेपेला पाइप चिरला, दुसऱ्यांदा साधला. हँडल बसवलं. डॉक्टर बसले, डोळे मिटले आणि मुठी हाताखाली आल्या. किल्ल्याला एक चक्कर मारून आले, दुसरी मारली, मग तिसरी. उतरले ते ताठ. "पाठ नावाची वस्तू आहे हे विसरलो!" म्हणाले.

उस्तादांनी हँडल चाचपून बघितलं. "हे कोणी शिकवलं तुला?"

दोन शब्दांचं काम होतं. मी म्हणालो, "विचार करून केलं."

फर्मा मी भट्टीत घातला. बाभळीचा निखारा फार चांगला पडतो. तोही पडला, आणि त्यावर मी एका सायकलीच्या पुढच्या चाकाचा वाकलेला चिमटा सरळ केला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दादा नगरला आला. वहिनीनं त्याला मला परत आणायला धाडलं होतं. मी त्याच्या खांद्यावरची पिशवी घेतली. ती माझे कपडे भरायला रिकामीच आणली होती. उस्तादांनी त्याला बाकावर बसवलं, चहा मागवला आणि माझ्यापुढे कपबशी ठेवली. "तुमचा भाऊ म्हणजे डोकं आहे हो. हे हँडल बघा. सगळं स्वतःच्या डोक्यातून काढलं."

दादानं हँडल बघितलं. वाकून, एक डोळा मिटून, नांगर बघतो तसं. मग माझ्याकडे बघितलं. मी बशीत चहा ओतत होतो.

"व्हय," तो म्हणाला. "ल्हानपनापास्नं डोकं हाय त्याचं. लाकडात वाया चाललं हुतं."

आणि रिकामी पिशवी घडी करून काखेत मारून तो गेला.

पुढे पारनेरपासून राहुरीपर्यंतची माणसं हँडल बदलायला आमच्याकडे येऊ लागली. मी प्रत्येकाला ओंडक्यावर बसवायचो, डोळे मिटायला सांगायचो. लोक त्याला माझी पद्धत म्हणायचे. काही वर्षांनी माझं स्वतःचं दुकान झालं. दादाचा तर गावात तोच विषय, धाकटा नगरला मिस्त्री झाला, त्याचं हँडल जिल्हाभर चालतंय.

शेवटी ते मला सहन होईना. त्याच्या थोरल्या मुलाच्या लग्नात, पंगत उठल्यावर, मांडवात पन्नासएक माणसं बसलेली असताना मी उभा राहिलो आणि खरं काय ते सांगून टाकलं. ओंडका, काठ्या, बाभळीचा फर्मा, सगळं.

दादा खाली बसूनच म्हणाला, "खोटं बोलतोय त्यो. थोरल्याला मान देतोय, दुसरं काय! मला फटफटीतलं काय कळतंय?"

मांडव गहिवरला. एक म्हातारे उठून मला मिठी मारून म्हणाले, "येवढा मोठा झाला, पन गर्व न्हाई." हँडल तर माझं राहिलंच, वर नम्रपणाही माझ्या खात्यावर चढला.

नंतर मी दादाला गाडीतळाकडे ओढत नेलं. "खोटं का बोललास?"

त्यानं आधी मागं वळून बघितलं. "हळू बोल. तुझी वहिनी मांडवातच हुती. आरं, तिनं मला भावाला आनाया धाडलं, आन् मी पिशवी रिकामी घिऊन आलो. त्या सालात नांगर अडलं, करवत तिनंच वढली, पुढं धा वर्सं वढली. तुला नगरला मीच कायमचा बसवला, त्येबी माझ्याच हातानं फर्मा करून, हे तिला कळलं तर ह्या वयात मला भाकर मिळंल का?" आणि तो तोंडावर हात ठेवून हसू लागला. मलाही हसू आलं. दोघं चोर तिथं बैलगाड्यांच्या आड उभं राहून हसत होतो, आणि मांडवातून ती आम्हाला जेवायला हाका मारत होती.

त्या दिवसापासून मी गप्प राहिलो ते दादासाठी, असं मी स्वतःला सांगत आलो. त्यात माझीही सोय होती. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनी गेल्या साली गेली. शेवटी भेटलो तेव्हा तिचे हात हातात घेतले होते. तळव्यांवरचे घट्टे तसेच होते. ती म्हणाली, "भावजी, तुमी मिस्त्री झालात त्ये बरं झालं. पन करवत लई जड हुती बरं का."

मी तेव्हाही तिला सांगितलं नाही. ते हँडल दादानं केलं, आणि त्याची किंमत तिनं मोजली.