सतरंजीवरचं रक्त

आमच्या अंगणवाडीच्या बाईंना दारात उभं राहिलेलं माणूस खपत नसे. मूल उंबऱ्यावर सोडून पळणाऱ्या आईला त्या हाताला धरून आत ओढत. "पोरगं एकटं नाही येत वो इथं, घर येते त्याच्यासंगं. बस पाच मिनिटं!" मग त्या बाईला सतरंजीवर, जिथं जागा असेल तिथं बसावंच लागे. शेजारी कोण आहे, हे पाहायची सोय नसे.

मी पहिल्यांदा बसले ती संगीताशेजारी. संगीता माझी चुलत जाऊ. किन्हीराजाच्या बाजूला आमच्या दोन घरांची शेतं लागून आहेत आणि मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, माझा नवरा आणि तिचा नवरा गजानन यांचं सात वर्षं वैर होतं. पेरणीच्या दिवसांत एकदा गजाननने माझ्या नवऱ्याचा हात काठीने मोडला होता. त्याआधी आमच्याकडच्यांनी त्यांचा बैल पायावर कुऱ्हाड घालून अधू केला होता. माझी पिंकी आणि संगीताचा कान्हा मात्र एका ताटलीत खिचडी खायचे. हे घरी कळलं त्या दिवशी नवऱ्याने मला पट्ट्याने मारलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्या गालावरचा वळ पाहिला. "दार लागलं," मी म्हटलं. संध्याकाळी त्या घरी आल्या आणि सासूसमोर आमचं दार दोनदा उघडून लावून पाहिलं.

"दार तं बरं हाय, काकू. मंग हिले मारलं कोनं?"

सासूने मान फिरवली. नवऱ्याने बाईंना शिव्या दिल्या. बाईंनी ऐकून घेतल्या आणि जाताना मला म्हणाल्या, "उद्या पिंकीले घेऊन ये. लवकर ये."

दुसरा दिवस मुलांच्या वजनाचा होता. त्या दिवशी बाई बापांनाही बोलवायच्या. गजानन कान्ह्याला मांडीवर घेऊन संगीताशेजारी बसला होता. सकाळीच त्याने धुऱ्यावर नांगर घातल्याचं मला ठाऊक नव्हतं. माझा नवरा बैलगाडीची उभारी घेऊन दारात आला. मनगटाएवढं जाड लाकूड. त्याने सरळ उभारी उचलली.

बाई मधे गेल्या. पहिला घाव त्यांच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्या खाली बसल्या, पण एका हाताने त्यांनी उभारीचं टोक धरून ठेवलं.

"पोराईले भाईर काढू दे," त्या ओरडल्या. "मंग मले मार!"

त्याने उभारी हिसकली आणि गजाननच्या डोक्यात घातली. रक्ताची चिळकांडी सतरंजीवर, कान्ह्याच्या तोंडावर उडाली. मुलं किंचाळत एकमेकांवर पडली. तिसऱ्यांदा उभारी वर गेली तेव्हा संगीताने मागून त्याच्या गळ्याला मिठी घातली आणि मी त्याच्या मनगटाला चावले. लाकूड खाली पडलं. ते मी उचललं आणि माझ्या नवऱ्याच्या गुडघ्यावर हाणलं. एकदा नाही. तो पडल्यावरही हाणलं. बाईंनी माझं नाव घेतलं तेव्हा हात थांबला.

पोलीस आले. बाईंनी पाहिलं ते सांगितलं. नवरा तुरुंगात गेला, गजाननच्या डोक्याला टाके पडले आणि सासूने मला पिंकीसह घराबाहेर काढलं. मी गावातच, माझ्या माहेरकडच्या एका म्हातारीच्या पडवीत राहिले. चार दिवस बाहेर पडले नाही. पाचव्या दिवशी बाई आल्या, हात गळ्यात बांधलेला.

"पोरगी काहून नाही आनली?"

"कोन्या तोंडानं येऊ, बाई?"

"हेच घेऊन ये. दुसरं कुठून आनशील?"

गेले. संगीताने माझ्याकडे पाहिलं नाही. बाईंनी ती सतरंजी आमच्या दोघींच्या पुढ्यात टाकली. "पोराईच्या बापाईचं रगत हाय. पोराईच्या मायाईनंच धुवा."

हापशीवर आम्ही ती भिजवली. संगीता धोपटण्याने बडवायला लागली. बडवता बडवता तिने एक घाव माझ्या पाठीत घातला. मग दुसरा. मी हलले नाही. बाई पायरीवरून पाहत होत्या, पण मधे पडल्या नाहीत. तिसऱ्या घावाला उचललेला संगीताचा हात तसाच खाली आला आणि ती हमसून रडली. मग तिने सतरंजीचं एक टोक माझ्याकडे फेकलं.

"पीळ ना नीट. पानी राह्यलं."

पुढे मी त्याच अंगणवाडीत मदतनीस झाले. नवरा सुटून आला तेव्हा संगीता आणि आणखी सहाजणी माझ्या खोलीपुढे बसून होत्या. तो आल्या पावली परत गेला. आता तो पुण्याकडे असतो म्हणतात. गजानन अजून माझ्याशी बोलत नाही, पण कान्ह्याला माझ्या हातून जेवताना त्याने कधी अडवलं नाही.

निवृत्त झाल्यावर बाई लेकीकडे कारंज्याला गेल्या. दर सोमवारी फोन यायचा. किती मुलं आली हे त्या कधी विचारत नसत. "आज कोन नाही आलं?" एवढंच. नाव सांगितलं की म्हणायच्या, "मंग घरी जाय त्याच्या. कायी तरी झालं असन." आणि बहुतेक वेळा काहीतरी झालेलं असायचं.

त्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मुलं ताटल्या घेऊन बसली होती. निरोप घेऊन संगीताच धावत आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि वाढायला घेतलं. शेवटचं मूल हात धुऊन उठेपर्यंत आमच्या दोघींपैकी कुणी रडलं नाही. मग कुलूप लावलं आणि कारंज्याच्या एसटीसाठी फाट्याकडे पळत सुटलो.