तासाला साठ कॉलर

आमच्या लाइनीत शर्टाला कॉलर बसवावी ती मावशीनेच. बावीस वर्षं एकच मशीन आणि तोंडाचा पट्टा मशीनपेक्षा जोरात. "शर्ट कुणाच्याही अंगावर जाऊ दे, मान माझ्याच हातची," म्हणायची आणि स्वतःच हसायची.

भाचीला तिनेच साहेबांच्या हातापाया पडून कामाला लावलं. शेजारी बसवून कॉलरचं टोक काढायला शिकवलं, आणि आमची आतली गोष्टही सांगितली. घड्याळवाला साहेब वेळ मोजायला आला, की सगळ्यांनी हात जड करायचे. आज दिसलेला वेग उद्या टार्गेट म्हणून फळ्यावर चढतो.

कारखाना वाढला. परदेशी ऑर्डरी आल्या, वर नवा मजला झाला, भाची सुपरवायझर झाली. मावशीने लाइनभर तोंड गोड केलं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत भाची चार नव्या मुली घेऊन आली. हातात ना घड्याळ, ना कागद. "मावशी, यांना जरा तुझा हात दाखव ना. माझं खरंच वाटत नाही यांना."

मावशी फुगलीच. डबा बाजूला सारला आणि सुटली. एका दमात दहा कॉलर! मुली हाताकडे बघत होत्या, भाची भिंतीवरच्या घड्याळाकडे. मी मागच्याच मशीनवर होते. त्या पोरीचा मला अजून संताप येतो.

सोमवारी फळ्यावर तासाला चाळीसचे साठ झाले. पाणी प्यायलाही उठता येईना. "भाचीसाठी आम्हाला विकलं हिने," आधी कुजबुज, मग तोंडावर. मावशीशी सगळ्यांनी बोलणं टाकलं.

"अगं, तिने मला फसवलं गं!" मावशी माझ्याकडे बघून म्हणाली. मी खाली मान घालून दोरा ओवत राहिले. खरं बोलले असते तर माझंही मशीन गेलं असतं.

साठ मावशीलाही जमेनात. दहा कॉलर झपाट्यात शिवणं वेगळं, दिवसभर तसं शिवणं वेगळं. तिसऱ्या आठवड्यात भाचीने तिला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

"मावशी, तूच करून दाखवलंस ना? आता मी वर काय सांगू? उद्यापासून येऊ नकोस."

मावशी बाहेर आली. मशीन पुसलं, डबा उचलला आणि माझ्यापाशी थांबली.

"तिचं जाऊ दे," म्हणाली. "तू तर मागेच बसली होतीस."