दुसरी फ्लॉपी

माझ्या गोष्टींतल्या निम्म्याअधिक थापा असतात, हे आमच्या गावात कुणीही सांगेल. दुष्काळात मी विहिरीत एवढा दोर सोडला होता की तो परत गुंडाळायला दोन बैलगाड्या लागल्या — ही माझीच. लोक हसतात, मी आणखी एक बैलगाडी वाढवतो. पण आता जे सांगणार आहे ते या तोंडातून कधी बाहेर पडलं नाही. बायकोला सांगितलं नाही. ती गेल्यावर तिच्या फोटोलाही नाही. तुम्हाला सांगतोय ते एवढ्यासाठीच, की तुम्ही मला ओळखत नाही. मी तोंड उघडलं की हसायचं, ही सवय तुम्हाला नाही.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. गाव तेव्हा उस्मानाबाद. मी तिथल्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. कादंबऱ्यांपेक्षा माझ्याकडं सरकारी कागदच जास्त — राजपत्रं, परिपत्रकं, याद्या. कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात, हे मी डोळे मिटून सांगायचो. (ही थाप नाही. एवढं एकच माझं खरं कसब.) मग एका कचेरीत कॉम्प्युटर आला. सरकारी याद्या आता त्यात राहणार, आणि त्या लोकांना शोधून द्यायला ग्रंथपालच बरा, असं ठरलं. मला औरंगाबादला आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं.

काय शिकलो मी तिथं? काळी, पापडासारखी पातळ फ्लॉपी आत सरकवायची, नाव टाइप करायचं, कळ दाबायची. बस. एका फ्लॉपीत सगळा जिल्हा मावत नाही, नाव नाही निघालं तर दुसरी घालून पुन्हा बघायचं — हे ज्या दुपारी शिकवलं, त्या दुपारी मी बाहेर टपरीवर परभणीच्या दोघांना आमच्याकडच्या सोनारीच्या देवळातल्या माकडांची गोष्ट रंगवून सांगत होतो.

परत आलो तो मात्र दिल्ली जिंकल्यासारखा. यंत्रानं मला नावानं हाक मारली, म्हणालो. एक कळ चुकीची दाबली तर अख्ख्या औरंगाबादचे दिवे गेले, म्हणालो. राजपत्रांचे गठ्ठे आता भेळवाल्याला द्या, असंही म्हणालो — आणि हे वाक्य मला फार महागात पडलं. मला कशाला, दुसऱ्यालाच पडलं.

आठवड्यातले दोन दिवस मी त्या कचेरीतल्या गार खोलीत बसायचो. पडदे लावलेले, चपला दाराबाहेर. लोकांना वाटायचं, केवढा मान! आणि मी? आत एकटा, त्या यंत्रासमोर. त्याला गोष्टी सांगता येत नाहीत हो. ते हसत नाही.

एका मंगळवारी भिवाजी आणि त्यांची मुलगी शकुंतला आली. भूम तालुक्यातलं, वाशीजवळचं गाव. बौद्ध कुटुंब. होतं तेवढं रान बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाखाली गेलं, आणि त्याच तलावावर भिवाजींनी खडी फोडली — स्वतःच्याच रानात. आता सरकारनं अशा घरातल्या एकाला नोकरीत आधी घ्यायचं ठरवलं होतं. शकुंतला बारावी झालेली. यादीत बापाचं नाव शोधायचं, त्यापुढचा क्रमांक अर्जावर लिहायचा, महिन्याच्या आत अर्ज द्यायचा. क्रमांकाशिवाय अर्ज घेत नसत.

भिवाजी चपला काढून उंबऱ्यावरच थांबले. म्हणाले, "सर, आमी आत आलं तर चालंल न्हवं?"

मी त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली, एक विनोद केला. नाव टाइप केलं, कळ दाबली. यंत्र कुरकुरलं आणि पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली — नोंद सापडली नाही. शेजारी पेटीत आणखी दोन फ्लॉप्या होत्या. त्या कशासाठी आहेत, हा प्रश्न मला पडला नव्हता का? पडला होता. पण विचारायचं कुणाला? ज्याला यंत्र नावानं हाक मारतं, त्यानं?

"नाव नाही," मी म्हणालो.

शकुंतला म्हणाली, "सर, गठ्ठ्यात एकदा बघाल का?" मी हसलो — माझं नेहमीचं, मोठं हसू. भिवाजींनीच तिला गप्प केलं. "माणसानं न्हाय म्हनलं असतं तर म्या भांडलो असतो, पोरी. लई भांडलोय. पन मशीनला काय आपला गाव म्हाईत, का आपली वस्ती? ते कशाला खोटं बोलंल?"

ती दोघं गेली. हे एवढंच असतं, तर मी त्याला अज्ञान म्हटलं असतं आणि तुमचा वेळ घेतला नसता.

अकरा दिवसांनी छापील यादी वाचनालयात आली. पानं लावता लावता भूम तालुका आला, आणि तिथं भिवाजी — पूर्ण नाव, गाव, गट नंबर, क्रमांक. मुदतीला नऊ दिवस बाकी. मी क्रमांक चिठ्ठीवर उतरवला, खिशात घातला आणि थेट एस.टी. स्टँडवर गेलो. वाशीची गाडी लागलेली होती. तिथं चारजण भेटले. "काय गुरुजी, आज काय म्हनतंय तुमचं मशीन?" आणि मी — मी सुरू झालो. चाराचे दहा जमले. गोष्ट ऐन रंगात असताना गाडी हलली. मी बघितलं. बघत बघतच बोलत राहिलो.

त्यानंतर आठ दिवस रोज एक गाडी होती. पोस्टकार्डही होतं. पण कार्डावर लिहायचं काय — की यंत्र बरोबर होतं, मला ते चालवता येत नाही? चिठ्ठी टेबलाच्या खणात राहिली. मुदत संपली त्या दिवशी मी ती यादी बांधणीला दिली आणि बांधून आल्यावर सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

शकुंतलाला ती नोकरी मिळाली नाही. पुढं तिचं काय झालं, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

आणि अजून एक. यादीत त्या गावची आणखी सहा नावं होती. त्यांच्यापैकी कुणीच क्रमांक विचारायला आलं नाही. त्यातला एकजण पुढं बाजारात भेटला तेव्हा कारण कळलं. म्हणाला, भिवाजींनी परत येऊन अख्ख्या वस्तीला सांगितलं होतं — सरांनी खुर्ची देऊन, मशीनमधी नीट बघून दिलं. आपल्या गावाचं त्यात काही न्हाय.