मला न दिसलेली दुसरी कड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. डोंबिवलीचे आमचे शेजारी, काका, भिंगाखाली मला जे दाखवायचे, ते मला कधीच दिसलं नाही. त्यांनी बरोबर न्यायचं थांबवू नये म्हणून मी "दिसलं" म्हणायचो.

ऐंशीच्या दशकात रविवारी आम्ही कल्याणच्या एका मोडवाल्याकडे, मोडीत आलेली जुनी नाणी चाळायला जायचो. काका तांब्याचा पाव आणा फक्त कडांना धरायचे, उन्हात जरा कलता करायचे आणि श्वास रोखायचे.

"हे बघ, आकड्याला दुसरी कड आहे. टांकसाळीत ठसा करतानाच त्यावर आकडा दोनदा उमटलाय."

अख्ख्या ढिगात असं एखादंच नाणं असायचं आणि त्यांचा हात नेमका तिथे थांबायचा. मी नाणं सोडून त्यांच्याकडेच बघत राहायचो.

पुढे त्यांना मोतीबिंदू झाला. एकदा एक नाणं माझ्या हातात ठेवून म्हणाले, "मला हल्ली तुझी नाकंसुद्धा दोन दिसतात रे. तूच सांग, आहे का?"

"नाही काका, साधंच आहे."

"घेऊन ठेवा की," मोडवाला म्हणाला.

"कशाला? याची नजर मी तयार केलीय," म्हणत काकांनी ते ढिगात परत टाकलं.

मला त्यात काहीच कळलं नव्हतं, एवढं त्यांना सांगायचं अजून बाकी आहे.