नाताळची ड्यूटी

आमच्या गास गावात डिसेंबर लागला की पोरं अंगणात नाताळचे गोठे बांधायला घेतात, घरोघरी करंज्या तळल्या जातात, आणि मी आपला लॅपटॉप चार्जिंगला लावून बसायचो. अंधेरीच्या ज्या कंपनीत मी होतो, ती ऑस्ट्रियातल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम ठेक्याने करायची. तिकडच्या बर्फाळ डोंगरांवरच्या हॉटेलांचं बुकिंग. नाताळात तिकडची माणसं सुट्टीवर आणि गिऱ्हाईक तर तुटून पडलेलं, म्हणून ड्यूटी आमच्याकडे.

पहिल्याच वर्षी मी साहेबांना म्हटलं, अहो, माझाही सण आहे. ते हसले. त्यांच्या सणाला ते घरी बसतात म्हणून तर आपण पोटापाण्याला लागलोय, म्हणाले. वर क्लायंटला घरचं काही सांगायचं नाही, हा नियमच होता. दिवाळीला मात्र मला न मागता सुट्टी! शेजाऱ्यांचा फराळ हादडत मी घरी लोळत पडायचो. ऑस्ट्रियावाल्यांच्या लेखी मी म्हणजे नुसती 'भारतातली टीम'.

गेल्या वर्षी त्यांनी ठेका बंद केला. माझं धाबंच दणाणलं. पण त्यांनी आमच्यातल्या दोघांना थेट आपल्या नोकरीत घेतलं, घरूनच काम करायचं म्हणाले. आता मीटिंगमध्ये माझा चेहरा दिसायला लागला. तिकडची मुख्य बाई रोज विचारायची, कसा आहेस. मी 'फाइन' म्हणून गप्प. सवय, दुसरं काय!

डिसेंबरच्या ड्यूटीचा तक्ता लागला तेव्हा नाताळच्या चौकोनात माझंच नाव. नेमकी त्याच सकाळी आमची मुलगी मिस्सेत, चर्चमधल्या प्रार्थनेत, स्तोत्र गाणार होती, तेही एकटी, पहिल्यांदाच. बायको म्हणाली, तोंड दिलंय ना देवाने, विचार की. मी तिच्यावरच डाफरलो. अजून नोकरीत कायम झालो नव्हतो, आणि आल्या आल्या सुट्टी मागणारा माणूस कोणाला आवडतो?

पुढच्या मीटिंगमध्ये बाईंनी विचारलं, ड्यूटी सगळ्यांना चालेल ना? मी 'यस' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडच्या खोलीत मुलीने वरचा सूर लावला. मी माइक बंद करायला धडपडलो. बाई हसत म्हणाल्या, कोण गातंय? मुलगी, म्हटलं. कसलं गाणं? आता काय लपवणार, कपाळ! सांगून टाकलं, चर्चमधलं स्तोत्र आहे, नाताळसाठी.

बाईंनी तक्त्यावर पुन्हा नजर टाकली. मग म्हणाल्या, "तुम्ही नाताळ करता?"

"आमचं अख्खं गाव करतं. पिढ्यान्‌पिढ्या."

"मग इतकी वर्षं आमच्या नाताळला तू कामावर का होतास?"

"तुम्ही विचारलं नाही," मी म्हणालो, "आणि मला सांगायची परवानगी नव्हती."

बोललो आणि वाटलं, संपलं, गेली नोकरी. बाईंनी तिथल्या तिथे माझं नाव खोडून स्वतःचं लिहिलं. मी घाईघाईने म्हटलं, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसाची ड्यूटी मी करतो. बरं, म्हणाल्या, आणि पुढच्या कामाकडे वळल्या. मी मात्र कॅमेरा बंद करून खुर्चीत तसाच बसलो. खरं सांगतो, मला रडू आलं.

नाताळच्या सकाळी बायकोने माझा फोन घरीच ठेवायला लावला. तरी मिस्सेत हात दोनदा रिकाम्या खिशाकडे गेलाच. मग मुलगी उभी राहिली आणि मी हात बांधून घेतले.

घरी येऊन फोन बघितला तर बाईंचा निरोप. पहाटे बुकिंग बंद पडलं होतं, उठून त्यांनीच चालू केलं, डोळे अजून चुरचुरतायत. हे इतकी वर्षं तू कसं केलंस, असं लिहिलं होतं, आणि खाली, गाणं कसं झालं?

मी लिहिलं, मध्ये एका ओळीला अडखळली, माझ्याकडे बघितलं, मग नीट गायली.